वस्त्रगाळ राख

येना शहरातल्या प्रयोगशाळेत मी राखेवर पीएचडी करते म्हटलं की नातेवाईक विषयच बदलतात. कोळसा जळून उरलेली राख प्लास्टिकमध्ये खडूच्या भुकटीऐवजी मिसळायची आणि त्यातून गाडीच्या आतले भाग करता येतात का ते बघायचं, एवढंच माझं काम.

जर्मनीतली कोळशावरची वीज केंद्रं एकेक करून बंद होताहेत, म्हणून आमच्या प्राध्यापकबाईंना बाहेरची राखही तपासायची होती. मी पटकन म्हणून गेले, "माझे बाबा देतील पाठवून." बाबांची उभी हयात गावाजवळच्या वीज केंद्रात राख हलवण्यात गेली. निवृत्त झाले ते दमा घेऊनच. धुळीजवळ फिरकायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जुन्या सहकाऱ्याकडून पिशवीभर राख घ्यायची आणि कुरियरला द्यायची, त्यात कसली आलीये धूळ, असं मला वाटलं.

त्सोलच्या, म्हणजे इथल्या कस्टमच्या, चौकशीतून सुटून पार्सल आलं. मोजणी केली तर राखेत जाड कण जवळजवळ नाहीतच! राख न चाळता, आहे तशीच वापरता येते का, हाच तर माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. मी घरी फोन लावला.

"चाळली का म्हणून काय विचारतेस? वस्त्रगाळ केली!" बाबा खुशीत होते. "आईची जुनी सुती साडी फाडून तीनदा गाळली. खडे-बिडे निघून चार लोकांत तुझं नाक कापलं जायला नको. चालली ना?"

आमच्याकडून लेकीकडे जे जातं ते निवडून, चाळूनच जातं, मग भाजणी असो की तिखट. हे मला आधी सुचायला हवं होतं. खरं सांगायला जीभ रेटेना.

"चालली, बाबा."

पुढच्या रविवारी आईने फोन उचलला. मागे खोकल्याची उबळ ऐकू येत होती.

"अगं, तुला राख चालली म्हटल्यावर यांनी दोन पोती आणवलीत. आठवडाभर अंगणात बसून गाळताहेत. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर ऐकतील तर शपथ!"

 मी ओरडले, "आई, थांबव त्यांना! मला न गाळलेली हवी होती. ती पहिली राख वाया गेली."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून बाबांची धाप ऐकू आली.

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस, बाळा?" बाबांनी विचारलं. पुन्हा उबळ आली, आणि पुढचं त्यांना बोलता आलं नाही.