खिशात मावणारी नळी

किस्से साठवावे लागत नाहीत. पोहून आल्यावर खुर्चीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलांसारखे ते आपोआप साचतात, आणि वेळेवर वाळत घातले नाहीत तर वास मारतात. हे असेच, वाळत घालायचे राहून गेलेले.

आम्ही तिघं. मी, बँकेतून रिटायर झालेले कुलकर्णी आणि घरी ब्लाऊज शिवणारी नसरीन. रोज सकाळी सदाशिव पेठेजवळच्या तलावावर पोहायचं आणि वर्षातून एकदा मालवणला जाऊन स्कूबा, म्हणजे हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी, करायचं. मला पोहायला कुणी शिकवलं नाही. लोणी काळभोरला विहिरीत पडले, हातपाय मारले, वर आले. साठीनंतर स्कूबाचा कोर्स केला, तेव्हा शिकवणाऱ्यालाच चार गोष्टी सुनावल्या. त्यामुळे आमच्यात शेवटचा शब्द माझा.

*

पहिल्या वर्षी कुलकर्णींनी स्नॉर्कल आणला. म्हणजे तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायची नळी. हातभर लांब, ताठ. स्वारगेटला ती बॅगेतून डोकावत होती. कंडक्टर म्हणाला, "काका, गॅसची शेगडी गाडीत चालणार नाही."

कुलकर्णींनी शांतपणे सांगितलं, की ही श्वास घ्यायची नळी आहे.

कंडक्टरनं लगेच त्यांना पुढची सीट रिकामी करून दिली!

*

मालवणला होडीतून उतरताना मास्कला लावलेली तीच नळी दोरात अडकली. कुलकर्णी समुद्रात, मास्क होडीवर.

मी तिथंच फर्मान काढलं, "पाठीवर हवेची अख्खी टाकी असताना नळी कशाला? पुण्यात कधी अडलंय?"

खरंच अडलं नव्हतं. तलावात लाटा नसतात. एवढं साधं मला कळायला हवं होतं.

*

नसरीननं फर्मान मानलं, पण शिंपिणीसारखं, माप घेऊन: लोंबणारी नळी नको, तर खिशात मावणारी. आपलं डायव्हिंगचं जॅकेट आणि टेप घेऊन ती दुकानात गेली, मी सोबत. खिसा आठ इंच. दुकानदारानं घडीच्या चार नळ्या काढल्या. एक उलगडली तरी वाकडीच राहायची, दुसरी खिशात जाईना, तिसरी एका हातानं निघेना. ही बाई प्रत्येक नळी डोळे मिटून ओढून बघत होती.

दुकानदार कंटाळून म्हणाला, "ताई, पाण्यात डोळे उघडे असतात."

"खिशात नसतात," नसरीन म्हणाली.

चौथी गुंडाळून मुठीएवढी व्हायची आणि सोडली की सरळ. ती तिनं घेतली.

दुसऱ्या दिवशी तलावावर सगळ्यांसमोर मी म्हटलं, "नातवाला दे. आंघोळीच्या बादलीत खेळेल."

सगळे हसले. नसरीनही हसली. मला वाटलं, जिंकले.

*

पुढच्या वर्षी मालवणला होडीत बसल्यावर मी ती नळी तिच्या खिशातून काढायला लावली. खिसा फुगतो म्हणून. तिनं गुपचूप होडीत ठेवली.

आम्ही दोघी वर आलो तेव्हा प्रवाहानं लांब नेलेलं, होडी कुलकर्णींना घ्यायला पलीकडे गेलेली आणि टाकीतली हवा संपत आलेली. जॅकेटं फुगवून तरंगत होतो, पण प्रत्येक लाट तोंडावर. नसरीनच्या नाकातोंडात पाणी गेलं. ती खोकत होती आणि तिचा हात पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या खिशाकडे जात होता. होडी येईपर्यंत मी तिचं डोकं वर धरून ठेवलं.

परतीच्या गाडीत ती कुलकर्णींशेजारी जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

ती तलावावर यायची थांबली. महिना झाला. मला कधी उलट न बोलणारे कुलकर्णी एके दिवशी टॉवेल पिळता पिळता म्हणाले, "पोहायला तुम्हाला विहीर मिळाली. ऐकायला शिकवेल अशी काही मिळाली नाही ना, बाई?"



*

शेवटी माझं जॅकेट घेऊन तिच्या घरी गेले. 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं. दारात तोंडातून निघालं, "खिशाची चेन अडकते. बघ जरा."

तिनं जॅकेट ठेवून घेतलं, आठ दिवसांनी या म्हणाली.

आठ दिवसांनी गेले. तिनं जॅकेट माझ्या अंगावर चढवलं, खांद्यावर नीट बसवलं.

"चेन ठीक होती, बाई."

खिशात काहीतरी गुंडाळलेलं हाताला लागलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "एका हातानं काढा."

चौथ्या खेपेला निघाली. डोळे उघडले तर नसरीनची तीच नळी माझ्या हातात सरळ उभी.

"आणि तू काय नेशील?" मी विचारलं.

"उद्या तलावावर सांगते," म्हणत नसरीननं मशीनखाली पुढचा ब्लाऊज सरकवला आणि चाक फिरवलं.