दोन बरण्या

ऑक्साइडमामा कुणाच्याही घरी गेले की आधी फाटकाच्या बिजागरीवर अंगठ्याचं नख ओढायचे. नखात आलेली गंजाची भुकटी नाकाशी न्यायचे आणि मगच घरात हाक मारायचे. "दोन पावसाळे काढील," किंवा "हिचं आता काय खरं नाय," असा निकाल अंगणातच लागायचा. चतुर्थीच्या आधी आमच्या आळीतल्या बायका बिजागऱ्यांना तेल घालायच्या, ते गणपतीपेक्षा मामांच्या धाकाने.

लोखंडाला रंग देणं हा त्यांचा धंदा. मिरजोळ्याच्या कारखान्यांची फाटकं, बंगल्यांची ग्रिलं, गच्चीवरच्या टाक्यांचे सांगाडे. आधी खरवडायचं, मग काचकागद, मग रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. तो विटकरी रंग त्यांच्या हातांच्या रेषांत कायमचा बसला होता, म्हणून हे नाव. खरं नाव मला फार उशिरा, दवाखान्याच्या कागदावर कळलं. ते म्हणायचे, "रत्नांग्रीत लोखंड आपलं नसतं बाई, वाऱ्याचं असतं. आपल्याकडे नुसतं रंगवायला ठेवलेलं."

अशा माणसाच्या पोटात धातू गेला. आतड्याला पीळ पडला, वीतभर आतडं काळं पडलं. डॉक्टरांनी ते कापून उरलेली दोन टोकं बारीक पिनांनी जोडली. जखम छान भरली. घरी सोडताना एका तरुण डॉक्टरने चांगुलपणाने सांगितलं, की पिना आता जन्मभर आतच राहतील, काळजी करू नका. बस, तिथून काळजी सुरू झाली.

"घामाला मीठ, आसवांना मीठ," मामा मला म्हणाले. "मग पोटात काय गोडं पाणी आहे?" मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पण त्या पिना गंजत नाहीत हे माझं सांगणं त्यांनी कानाआड केलं.

त्यांनी मीठ सोडलं. मासळी गेली, आमसूल गेलं, लोणचं गेलं. अळणी पेज तेवढी राहिली. समुद्राच्या अंगाची कामं ते घेईनासे झाले. पँट कमरेला सुतळीने बांधायची वेळ आली. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धुतलेला शर्ट घालून स्वारी डॉक्टरांकडे. "पोट दाबून बघा ओ, जोड धरलाय ना?" डॉक्टर कंटाळले, आळी हसली. मीही हसले, उगाच कशाला खोटं बोलू.

एक दिवस मामी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या. "मीठ नाय म्हणून जेवत नायत, जेवत नायत म्हणून उभं राहवत नाय. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, ह्यांच्या डोक्यातलं तेवढं काढा ओ."

मी काढलं. ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडून टायटॅनियमचा एक उरलेला स्क्रू आणला. "मामा, तुमच्या पिनांचीच ही जात," मी सांगितलं. लोणच्याच्या दोन बरण्यांत समुद्राचं पाणी भरलं, एकीत खिळा टाकला, दुसरीत स्क्रू, आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या. मामा दर रविवारी यायचे, बरण्या उजेडात धरून बघायचे आणि जायचे. खिळ्याचं पाणी आठवड्यात चहासारखं झालं. स्क्रूचं पाणी नितळच राहिलं.

पावसाळा सरल्यावर त्यांनी स्क्रू बाहेर काढला, त्याच्यावर नख ओढलं, नाकाशी नेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा नेलं. "वासच नाय," ते म्हणाले आणि माझ्या पायरीवर बसले. "म्हणजे दोन वर्षं मी फुकट भ्यालो."

"फुकटच," मी म्हणाले. "आता मीठ खा पोटभर. आणि ते डॉक्टरांकडचे हेलपाटेही बंद करा." यातलं शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण जिंकलेल्या मास्तरणीची जीभ, ती कुठली थांबते.

स्क्रूची बरणी ते मागून घरी घेऊन गेले. त्या दिवशी त्यांच्या घरातून बांगड्याच्या कालवणाचा वास आला. हिवाळाभर मामा परांचीवर चढून कामं करत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "बाईंनी बरणीत दाखवलं." मी वर्गात मुलांना ही गोष्ट सांगायचे. भीतीवर विज्ञानाचा विजय, वगैरे. आज ते शब्द आठवले की माझं मलाच नकोसं होतं.

आंब्याचा हंगाम संपता संपता त्यांचं पोट दुखू लागलं. जेवल्यावर कळ यायची, ताटात अर्धा भात राहायचा, मागल्या दारी नळाशी जाऊन ओकायचे. मामी डॉक्टरचं नाव काढायच्या तर म्हणायचे, "मनाचे खेळ गो. बाईंनी बरणीत दाखवलंय ना?" एकदा सगळ्या आळीत हसं झालेलं, पुन्हा कोण करून घेणार? त्या दिवसांत मला ते दोनदा रस्त्यात भेटले. पँटला सुतळी परत आलेली मी पाहिली. पाहूनही एवढंच विचारलं, "मीठ खाताय ना?" ते हसले. "खातो ओ."

दवाखान्यात नेलं तेव्हा आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. पिना ओळीने, जशाच्या तशा, एकही हललेली नाही. जोडाजवळचं मांसच हळूहळू आखडत गेलं होतं, आतली वाट बंद झाली होती. दोन महिने आधी कळतं तर मोकळी करता आली असती, असं ते म्हणाले.

मामा शुद्धीवर होते. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "पिना गंजल्या नायत ना?"

"नाही मामा."

"मग बाई, तुमचं बरोबर होतं." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कौतुक होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेरावं झाल्यावर मामी बरणी परत द्यायला आल्या. फाटकाशीच उभ्या राहिल्या. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भीत होते तोवर दर महिन्याला जाऊन पोट दाखवून यायचे ओ. ती भीती राहू द्यायला हवी होती आपण."

त्या 'आपण' म्हणाल्या. मी आत या म्हटलं, त्या आल्या नाहीत. त्या वळल्यावर मी तिथेच बरणीतला स्क्रू काढला, त्याच्यावर नख ओढलं आणि नाकाशी नेलं. वास नव्हता.