कमलमावशींचं ‘आमी’

कमलमावशी गेल्याचं मला त्यांच्याच नंबरवरून कळलं. आमच्या पॉडकास्टच्या ग्रुपवर त्यांच्या सुनेने आवाजी निरोप टाकला होता, “मावशींची सून बोलतेय. आई आज सकाळी गेल्या...” ग्रुपवर भराभर जोडलेले हात आले. निम्म्यांना त्या कोण हेही ठाऊक नसणार. मी मात्र त्यांचे जुने निरोप एकेक करून पुन्हा ऐकत बसलो.

बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी मी इथल्या माणसांशी गप्पा मारतो आणि त्या नेटवर चढवतो, एवढाच आमचा पॉडकास्ट. ऐकणारे मोजकेच. त्यातल्या मावशी माहीमच्या. मुंबईचं नव्हे हो, आमचं केळव्याशेजारचं! टाइप करणं त्यांना जमत नसे. भाग आला की बोलून निरोप यायचा, मागे कावळ्यांची कावकाव, “आमी आयकला. बेस झाला.” बाकीची शहाणी मंडळी लांबलचक मतं द्यायची, पण त्यांतल्या कितीजणांनी भाग पुरता ऐकलेला असायचा देव जाणे.

हे कळलं ते माझ्याच एका घोळामुळे. एकदा गप्पा संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं, पुढे ते शेपूट कापायलाही विसरलो, आणि मी वैतागून बायकोला म्हटलेलं तस्सं नेटवर चढलं, “बास झालं! कुत्रं ऐकत नाही. हा शेवटचा भाग.” ग्रुपवर वाहवा चालू, शेपटाचा कोणाला पत्ताच नाही! आणि मावशींचा फोन आला. “काय रं पोरा, कुत्रं आयकत नाय म्हनतोस? आमी आयकतो ना! मंग आमी कोन?” लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले... मी खरोखरच सगळं गुंडाळणार होतो. पण एक माणूस शेवटपर्यंत ऐकतंय, म्हटलं, पुरे की! त्या एका फोनवर मी आजवर टिकलो. हे त्यांना समोर बसून सांगायला हवं होतं, पण आमची भेट कधी झालीच नाही.

परवा त्यांच्या घरच्यांना भेटायला माहीमला गेलो. आळीच्या तोंडाशी बायका सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. “कमलमावशींचं घर कुठलं हो?” विचारलं, तसे सगळ्यांचे हात थांबले. “आरं, तू तोच ना? फोनातला?” एकीने माझा आवाज ओळखला होता. मावशी फोनचा आवाज मोठा करून तो मधे ठेवायच्या आणि ही सगळी मंडळी काम करता करता ऐकायची. आणि मी खुळा, ते ‘आमी’ म्हणजे मावशींची बोलायची ढब समजत होतो! “तुजं कुत्र्याचं पन आयकलं आमी,” दुसरी म्हणाली. “लय हसलो. तर कमळ आमच्यावरच वरडली. हसू नका म्हनली, पोर खरंच बंद करील.” बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला.

मला बसायला पाट दिला. सगळ्यांत थोरली म्हातारी कान पुढे करून म्हणाली, “ती गेली म्हनून थांबू नको बाबा. बोल कायतरी, आमी हाव ना आयकायला.”

इतके ऐकणारे एका वेळी माझ्यासमोर कधी बसले नव्हते... मी पाटावर बसलो, फोन काढून मधे ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.