आठव्या शनिवारी, अर्ध्या वाटेवरून

गेल्या सोमवारी आंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली. सहा वर्षांपूर्वी उजवीकडे लागली होती. तिचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. सगळं संपलं असं मी धरून चालले होते. हात तसाच छातीवर ठेवून बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मारुतीराया, पुन्हा मीच का? रागच आला त्याचा, खोटं कशाला सांगू.

पहिल्या वेळी जो शहाणपणा केला, तो सांगायला आजही लाज वाटते. शहरातल्या छावणी भागात माझं ब्लाउज शिवण्याचं काम आहे. दिवसभर बायकांची मापं घेते, पण स्वतःच्या गाठीबद्दल नवऱ्याशीसुद्धा बोलायला जीभ रेटेना. त्याऐवजी खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोलले. अकरा शनिवार पायी येईन, वाटेत पाण्याचा घोटही घेणार नाही, एवढी गाठ विरघळू दे. आणि नवस पुरा होईपर्यंत डॉक्टरकडे जायचं नाही, हेही माझं मीच ठरवलं. गेले तर देवावर भरवसा नाही असं होईल, अशी माझी अक्कल. घरात सगळ्यांना माझ्या श्रद्धेचं केवढं कौतुक. श्रद्धा कसली, ती भीती होती. तिला मी सोवळं नेसवलं होतं.

आठव्या शनिवारी दौलताबादच्या पुढे मला घेरी आली. रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या एका बाईनं मला धरून सावलीत बसवलं. "कुठं दुखतंय व्हय?" तिनं विचारलं. ना ओळख ना पाळख, पण नवऱ्यापासून लपवलेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. ती थोडा वेळ पेरू पुसत राहिली. मग म्हणाली, "माझी थोरली बहीण अशीच सोळा सोमवार पुरे करत बसली. सोमवार पुरे झाले, ती नाय राहिली." तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "पी बाई. मारुती कुठं पळून नाय चालला. आधी दवाखाना गाठ, घरच्यांना सांग."

मी प्याले. पेरूंची पाटी तशीच टाकून तिनं शहराकडे जाणारी जीप थांबवली आणि मला बसवून दिलं. दर्शन न घेताच मी अर्ध्या वाटेवरून परतले. आणखी महिनाभर थांबला असतात तर हाताबाहेर गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बरी झाल्यावर तिला शोधायला गेले. पेरूवाल्या पुष्कळ होत्या, ती नव्हती, आणि नाव तर मी विचारलंच नव्हतं. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. रोज दिवा लावताना मारुतीच्या आधी तिला नमस्कार करते. त्याला राग येत नसावा.

यावेळी गाठ लागली त्याच सोमवारी जेवताना ह्यांना सांगितलं. हे ताट बाजूला सारून माझ्याजवळ येऊन बसले. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. शनिवारी दोघं एस.टी.नं भद्रा मारुतीला जाऊन आलो. सवयीनं नवस ओठांवर आला होता, तो गिळला. इतकी वर्षं दिलीस, तुझे उपकार आहेत, एवढंच म्हणाले. पुढचं काही ठाऊक नाही. भीती आहेच, पण ती आता माझ्या एकटीची नाही.

आज रिपोर्ट मिळणार. सकाळी हे म्हणाले, "मी घेऊन येतो, तू थांब." पूर्वीची मी असते तर ह्यांच्या आधी जाऊन रिपोर्ट आणला असता आणि शिवणाच्या कपड्यांत लपवला असता. मी तपासणीची पावती ह्यांच्या हातात दिली. देवाच्या हाती सोपवणं म्हणजे काय, ते मला अजून इथवरच जमलं आहे.