मधल्या पट्ट्यात मेंढरं बसत नाहीत

एखादा माणूस डोक्यात जातो म्हणजे काय, ते मला विमानतळावर नोकरीला लागल्यावर कळलं. त्याआधी मी भावकीवर चिडायचो, पण भावकीचा राग सणावाराला निवतो. पंगतीत शेजारी बसलं की बोलणं होतंच. या माणसाचा राग मात्र मी ऐंशी ओलांडली तरी शाबूत आहे. माझे दात गेले, गुडघे गेले, हा राग काही जात नाही.

तो आमच्या फ्लाइंग क्लबचा कॅप्टन होता. पोलीस ॲक्शनला बारा-तेरा वर्षं झाली होती, मराठवाडा महाराष्ट्रात आला होता आणि पुण्यामुंबईची माणसं औरंगाबादेत साहेब होऊन येत होती. हा पुण्याचा. फौजेत विमानं उडवलेला, कातरलेल्या मिशांचा, बुटात तोंड दिसेल अशा पॉलिशचा. पहिल्या दिवशी त्यानं माझं शिक्षण विचारलं. मी म्हणालो, सातवीपर्यंत उर्दूत, पुढं थोडं मराठीत. तो हसला. "म्हणजे अस्सल मोगलाई!" निजामाच्या मुलखाला तिकडं मोगलाई म्हणत, आणि त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'मोगलाई' झालो. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही. म्हणून मीही इथं त्याचं घेणार नाही.

मी क्लबचा मेकॅनिक. चितेगावहून सायकल मारत यायचो. क्लबकडे एकच विमान होतं, लढाईच्या काळातलं. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड. एकामागे एक दोन उघड्या जागा. मागच्या जागेवर बसून चालवायचं, पुढच्या जागेवर दुसरा माणूस. विमानाला ब्रेक नव्हते. शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी पट्टी होती. डांबरावर ती नुसती किरकिरायची, गवतावर मात्र जमिनीत रुतून गाडी हळूहळू थांबवायची. म्हणून त्या विमानाला गवतच मानवायचं. सात वर्षं मी त्याचं कापड शिवलं, तेल बदललं, इंजिनाचा आवाज ऐकून कुठला प्लग गेलाय ते सांगितलं. पण त्यात बसून मी फक्त आमच्या मैदानावर दोन फेऱ्या मारल्या होत्या. खाली आमचं रान कुठलं तेसुद्धा नीट दिसलं नव्हतं.

एका पावसाळ्यात ठरलं की दिवाळीनंतर हे विमान हैदराबादला न्यायचं. तिथं जुन्या विमानांचा मेळा भरणार होता. पेट्रोल पुरायचं जेमतेम अडीच तास आणि कार्तिकातला वारा तोंडावर येणार. म्हणजे वाटेत दोनदा उतरणं आलं, आणि तेही गवतावर. निजामाच्या अमदानीत बड्या लोकांच्या शिकारीसाठी ठिकठिकाणी माळावर विमानं उतरवायला पट्ट्या केल्या होत्या. त्यातल्या कुठल्या उरल्यात आणि कुठल्यांवर लोकांनी ज्वारी पेरलीय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

कॅप्टननं टेबलावर नकाशा पसरला, औरंगाबाद ते हैदराबाद दोरा ताणला आणि परभणी-नांदेडच्या मधे एक आणि पुढं एक अशा दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "इथं आणि इथं उतरायचं. झालं काम." मी म्हणालो, "साहेब, तिकडं काळी जमीन. पावसाळ्यानंतर कशी असंल, बघून यायला पाहिजे." तो म्हणाला, "मग जा आणि बघ. नीट बघून आलास तर पुढची जागा तुझी."

हे त्यानं चार माणसांसमोर सांगितलं. मी ते खरं मानलं, इतका मी बावळट. त्या संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं. वर फार गार असतं असं कोणीतरी सांगितलं म्हणून आईनं माझ्यासाठी लोकरीची कानटोपी विणायला घेतली. चुलतभाऊ पारावर म्हणाला, "आमच्या गड्याला आता जमीन दिसंना." मला राग आला नाही. उलट बरं वाटलं.

पट्ट्या बघायला मी एसटीनं गेलो, सायकल टपावर टाकून. कॅप्टन खोलीत पंख्याखाली बसून पेन्सिलीनं रेघा मारत होता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्याप्रमाणे त्यानं मला यादी दिली होती: लांबी किती, झाडं कुठं, गवत किती, वारा कुठला. मी वहीत सगळं टिपत गेलो, उर्दूत. घाईत लिहायचं तर माझा हात उर्दूतच चालतो, आजसुद्धा.

परभणीच्या पुढची ती पट्टी चांगली निघाली. एका टोकाला बाभळींची रांग, लांबी भरपूर, गवत घोट्याएवढं. गवत आखूड कशामुळं, ते लगेच दिसलं. दीड-दोनशे मेंढरं चरत होती आणि एक धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मी पट्टीवरून चालत गेलो, टाच आपटत. जमीन वरून टणक. शेतकऱ्याचं पोर म्हणून मला माझ्या टाचेचा भारी गर्व होता. वहीत लिहिलं: जमीन उत्तम.

धनगरानं विचारलं, "काय मोजता पाटील?"

मी सांगितलं, विमान उतरायचंय.

तो म्हणाला, "या कडंला उतरवा. मधल्या पट्ट्यात नगं. तिथं मेंढरं बसत नायत."

"म्हणजे?"

"आठ रोज झालं, मेंढरं इथंच बसवतोय. दुपारची या कडंला बसत्यात, त्या कडंला बसत्यात. मधी एक मेंढरू टेकत नाय. वरून दगडावाणी दिसतंय, पर खाली लई ओल हाय."

मला पटलं नाही. मेंढरांवरून विमान उतरवायचं म्हणजे हद्दच झाली. पण मधल्या जागी जाऊन मी खिशातला स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसला. चार बोटं कडक गेला, पुढं लोण्यात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत. बाहेर काढला तर त्याला काळा चिखल लागलेला. पन्नास-साठ पावलांचा पट्टा होता तो, आडवा. मी गुपचूप परत येऊन वहीत 'जमीन उत्तम' खोडलं आणि लिहिलं: बाभळीकडच्या टोकालाच टेकावं, मधल्या पट्ट्याच्या अलीकडंच थांबावं, तिथं मेंढरं बसत नाहीत. धनगर शेजारी उभा राहून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं म्हणणं कागदावर गेलं याचं त्याला समाधान वाटलं. त्यानं मला भाकरी दिली.

मी आठ दिवसांनी परत आलो तेव्हा कॅप्टन खूश होता. "बस," म्हणाला, "सांग एकेक. तुझी ती मुंग्यांची रांग मला वाचता येत नाही. मी लिहून घेतो." त्यानं कोरा कागद घेतला, वर इंग्रजीत मथळा घातला. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "हो, आणि पुढच्या जागेवर क्लबच्या अध्यक्षांचे जावई येतायत. त्यांना हौस आहे. तू एसटीनं पुढं जा, पेट्रोलचे डबे घेऊन. इंजिन सुरू करायला हातानं पंखा फिरवणारा माणूस तिथं लागेलच."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही म्हणाला होता..."

"अरे, म्हणालो असेन. तुला काय, कधीही बसता येईल. मोगलाईतली माणसं लगेच रुसतात."

त्यानं माझ्या तोंडाला पानं पुसली आणि वर तो मलाच हसला. मला आईची कानटोपी आठवली. विणून झाली होती, निळी. मला पार आठवला आणि चुलतभावाचं तोंड आठवलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी नोकर माणूस. वही उघडून सांगायला लागलो. लांबी अमुक पावलं. झाडं पश्चिमेला. गवत घोट्याएवढं. वारा ईशान्येचा. त्यानं लिहिलं. मग ती ओळ आली. मी तिच्यावर बोट ठेवलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं.

"जमीन?" त्यानं विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो.

खोडलेला शब्द मी वाचून दाखवला. त्यानं लिहून घेतला आणि खाली सही केली. पाहणी करणार म्हणून स्वतःचंच नाव घातलं, कारण कागद वर जाणार होता आणि वर मेकॅनिकची पाहणी चालत नाही. ते बघून माझा उरलासुरला जीव जळाला. म्हटलं, घे. पाहणी तुझी, तर जमीनही तुझी.

कोणी मरावं असं माझ्या मनात नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो, कोणी मागितली नसली तरी. मला वाटलं होतं, चाकं रुततील, गावासमोर फजिती होईल, बैल लावून विमान ओढावं लागेल आणि जावईबापूंच्या पॅन्टीला चिखल लागेल. इतकंच.

ठरल्या दिवशी मी सकाळीच त्या माळावर डबे घेऊन हजर होतो. विमान येणार म्हणून तीन गावं लोटली होती. धनगरानं मेंढरं लांब नेऊन ठेवली आणि तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. दोन तासांत आवाज आला. मला तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. सगळे प्लग चालू होते, इंजिन इतकं सुरेल मी कधी ऐकलं नव्हतं. आदल्या आठवड्यात मीच ते उघडून लावलं होतं.

हवेत कॅप्टन चांगला होता, हे मान्य करावं लागतं. पण गर्दी दिसली की त्याच्यातला फौजी जागा व्हायचा. तो बाभळींवरून भरधाव, लोकांच्या टोप्या उडतील इतका खालून आला. बाभळीकडचं सगळं रान त्यानं तसंच मागं टाकलं.

धनगर ओरडला, "आरं, मधी नगं! मधी नगं!" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी त्यायला सांगितलं नाय व्हय?"

तेव्हा मी पळालो. हात हलवत, डोक्यावरची निळी टोपी काढून फडकवत, त्या पट्ट्याच्या दिशेनं. उतरताना त्या विमानाचं नाक वर असतं, मागच्या माणसाला समोरचं काहीच दिसत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? लोकांना वाटलं, मी स्वागत करतोय. काही पोरं माझ्यामागं टोप्या फडकवत पळाली.

चाकं टेकली, दहा-बारा पावलं नीट गेली आणि एकदम धरली गेली. शेपूट उभी राहिली. पंखा जमिनीत शिरून फुटला, त्याच्या फळ्या आमच्या डोक्यावरून गेल्या. मग सगळं विमान सावकाश पाठीवर पडलं. लाकूड मोडल्याचा आवाज आला. सात वर्षं मी ज्या कापडाला टाके घातले, ते मधोमध फाटलं.

जावयाचं गळ्याजवळचं हाड मोडलं. कॅप्टनचं मनगट असं मोडलं की पुढं तो विमानात बसला तो फक्त तिकीट काढून. दोघांना बाहेर मीच ओढलं. चिखलात तोंड भरलेला कॅप्टन मला म्हणाला, "मोगलाई, इंजिन बंद कर." मी बंद केलं.

विमान मालमोटारीत घालून परत आणलं, तुकडे करून. ते पुन्हा उडालं नाही. मुंबईहून चौकशीला अधिकारी आला. मी दारात उभा होतो. विचारलं तर सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. नोकरी गेली तरी चालेल, पण कॅप्टन मला काय म्हणाला तेही सांगीन. अधिकाऱ्यानं विचारलं, "पट्टी कोणी पाहिली होती?" कॅप्टननं गळ्यात बांधलेला हात सावरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी स्वतः. कागदावर माझीच सही आहे." मेकॅनिकच्या शब्दावर विमान उतरवलं, असं त्याच्या तोंडून जीव गेला तरी निघालं नसतं. मला वाचवलं ते त्याच्या तोऱ्यानं. आत कोणी मला बोलावलंच नाही. तो महिन्याभरात पुण्याला निघून गेला. माझी पुढची जागा घेतली तशी त्यानं माझी चूकही घेतली आणि दोन्ही वेळा मला विचारलं नाही.

ती वही माझ्याकडे आहे. घरात उर्दू वाचणारं आता कोणी उरलं नाही. नात शेंद्र्याला कंपनीत जाते, सुट्टीच्या दिवशी माझं कपाट आवरते. परवा तिच्या हाती वही लागली. "आजोबा, वाचून दाखवा ना काहीतरी."

मी पानं उलटत वाचून दाखवलं. लांबी, झाडं, वारा. तिला गंमत वाटली. मग ती ओळ आली, तिच्यावरचा खोडलेला शब्दही. आता लपवायचं तरी कोणापासून, म्हणून वाचली. बाभळीकडच्या टोकालाच टेकावं, मधल्या पट्ट्याच्या अलीकडंच थांबावं, तिथं मेंढरं बसत नाहीत.

तिनं विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगितलं ना?"

मी म्हणालो, "ती पुढची जागा माझी होती."