पेशंटचं माणूस

वॉर्डाच्या दारातून सिस्टरने हाक दिली, “सुशीलाबाईंचं माणूस कोण? एकालाच आत सोडणार.” गावाहून आलेला सुशीलाचा भाऊ उठला. मला म्हणाला, “ताई, तुम्ही शेजारच्या ना? बसा.”

शेजारची! नवरा-बायको राहतात तशा आम्ही दोघी राहिलो, एकाच घरात केस पांढरे झाले. आजवर कुणी विचारलं की मी मान खाली घालून ‘मैत्रीण’ म्हणायचे. पण ‘माणूस’ हा शब्द मला आवडला. तो बाई की पुरुष ते विचारत नाही, गळ्यात मंगळसूत्र शोधत नाही. जे आजारपण काढतं, ते माणूस.

मी पुढे झाले. “मी तिचं माणूस.”

आतून सुशीला खेकसली, “मग ये की! माझी कवळी कुठं ठेवलीस?”

भाऊ बाजूला झाला. कवळी माझ्या पदराला बांधलेली होती.