दीपगृहाच्या दहा पावलं अलीकडे

"सर, पाऊल टेकू नका!"

होडीवाल्या सुमनताई मागून ओरडल्या आणि मी एका पायावर तसाच थांबलो. उचललेल्या बुटाखाली, खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. डोक्यावर टिटवी घिरट्या घालत होती. ती मघापासूनच किंचाळत होती. मी मात्र खुशाल दुर्बिणीतून लांबचे बगळे न्याहाळत चाललो होतो.

तलावातल्या या बेटावर मी आलो होतो ते पक्षी आणि संस्थानच्या काळातलं दीपगृह पाहायला. कधीच विझलेलं ते दीपगृह आता दहा पावलांवर होतं. खरं तर ते बांधलं असेल 'इथे खडक आहे, लांब राहा' एवढंच सांगायला. आणि आम्ही हौसेने होडी करून तेच जवळून पाहायला येतो. इशाऱ्याचंही आपण प्रेक्षणीय स्थळ करून टाकतो.

मी पाय हळूच मागे घेतला. "बाजूनं जाऊ का? पाच मिनिटांत वर चढून येतो."

"तुम्ही इथं असेपर्यंत ती खाली यायची नाही. आणि ऊन बघताय ना? अंडी जागच्या जागी शिजतील."

टिटवीचा आवाज आता चिरकत होता. मी परत फिरलो.

होडी काठापासून सुटली तशी टिटवी खाली झेपावली. मी घाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. नुसते खडेच खडे.

"दिसली का?" सुमनताईंनी विचारलं.

"नाही हो."

"मग बसली अंड्यांवर," त्या म्हणाल्या आणि उचलून धरलेलं वल्हं त्यांनी आता कुठे पाण्यात टाकलं.